बिऱ्हाड पाठीवर, चूल कुठे?



दसरा उरकला की आपल्या मंठा, परतूर, अंबड, घनसावंगी भागातल्या वाड्यांवरून आणि तांड्यांवरून ऊसतोडीच्या गाड्या निघतात. गाडीत काय काय असतं ते आपल्याला पाठ आहे. कोयते, गोधड्या, पत्र्याची पेटी, ज्वारी-बाजरीची पोती, तवा, काठवट, जर्मलची दोन-तीन पातेली, पाण्याचा ड्रम, लेकरं आणि कोंबड्या. पाच-सहा महिन्यांचा संसार त्यात मावतो. चूल मात्र गाडीत नसते. ती कारखान्यावर पोचल्यावर कोपीच्या दाराशी, मिळतील त्या तीन दगडांची मांडायची असते.

आपल्यात म्हण आहे, विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. पण विंचवाला भाकरी थापावी लागत नाही. माणसाला लागते. म्हणून आज मी तुम्हाला उचलून नेता येणाऱ्या चुलीचा इतिहास सांगणार आहे. ज्यांच्याकडं स्वयंपाकघर नव्हतं त्यांनी स्वयंपाक कसा केला, कुणी कोणतं साधन काढलं, आणि ते कुणापर्यंत पोचलं. गेल्या सव्वाशे वर्षांत एका हातात मावेल अशी चूल माणसानं कितीतरी वेळा तयार केली. मग आपली ऊसतोड करणारी बाई आजही तीन दगडांपुढं का बसते? हा इतिहास नीट ऐकला तर त्याचं उत्तर त्यातच सापडतं.

डब्यातला जाळ

मातीची चूल घराची असते. ती एका जागी रोवलेली, पोतेरं घातलेली, शेजारी वैल असलेली. घर सोडलं की ती मागं राहते. म्हणून बाजारहाटाला, वारीला, यात्रेला निघालेली माणसं तीन दगड मांडायची. दगड कुठंही मिळतात, फुकट मिळतात. पण जाळ चारी बाजूंनी वाऱ्यावर जातो, सरपण दुप्पट लागतं आणि धूर डोळ्यांत जातो.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मनमाडहून हैदराबादकडं जाणारी रेल्वे जालन्यावरून धावू लागली. आपला भाग तेव्हा निजामाच्या राज्यात होता. त्या काळात देशभर रॉकेल, म्हणजे आपलं घासलेट, चौकोनी पत्र्याच्या डब्यांतून येत होतं. घासलेट दिव्यात जळून जायचं, डबा मागं उरायचा. त्या डब्याचं आपल्या लोकांनी काय नाही केलं! पाणी भरलं, धान्य ठेवलं, कापून छपराला लावला, आणि त्याची चूलही केली.

आपल्यातल्या वयस्कर बायकांना भुशाची शेगडी आठवत असेल. डब्याच्या एका बाजूला खाली भोक पाडायचं. त्या भोकातून एक दांडा आडवा आत सरकवायचा. मधोमध एक बाटली उभी धरायची. मग भोवतीनं लाकडाचा भुसा ठोकून ठोकून भरायचा. घट्ट बसला की बाटली आणि दांडा अलगद ओढून काढायचे. आत नळीसारखी वाट तयार होते. खालून पेटवलं की भुसा सावकाश, दोन-तीन तास जळतो. धूर होतो, पण उघड्या चुलीपेक्षा कमी, आणि जाळ सारखा लागतो. ज्या गावात लाकडाची वखार होती तिथं ही शेगडी चालली. वखार नसेल तिथं भुसा नाही, आणि भुसा नाही तर शेगडी नुसता रिकामा डबा.

ही पहिली गोष्ट ध्यानात ठेवा. साधन घरी आलं म्हणजे काम झालं असं नसतं. त्याच्यात घालायचं इंधन रोज कुठून येणार, हे आधी बघावं लागतं.

परदेशचा स्टो आणि बंगालचा कुकर

१८९२ साली स्वीडन देशात फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट नावाच्या कारागिरानं एक नवा स्टो काढला. त्याचं नाव प्रायमस. त्याआधीचे घासलेटचे स्टो वातीवर जळायचे, काजळी धरायची. लिंडक्विस्टनं वात काढून टाकली. टाकीत पंपानं हवा भरायची, त्या दाबानं घासलेट वर चढतं, तापलेल्या नळीत त्याची वाफ होते आणि ती वाफ निळ्या ज्योतीनं जळते. भांडं काळं पडत नाही. १९११ साली नॉर्वेचा रोआल्ड अमुंडसेन दक्षिण ध्रुवावर पहिल्यांदा पोचला, तेव्हा बर्फ वितळवायला आणि जेवण शिजवायला त्याच्यासोबत प्रायमस होता. जिथं एक काडीही सरपण मिळत नाही तिथं हा स्टो चालला.

हाच पंपाचा स्टो पुढं मुंबई-पुण्याच्या खोल्यांतून घरोघर गेला. आधी स्पिरिट किंवा पेटता काकडा लावून तोंड तापवायचं, मग पंप मारायचा, भोक तुंबलं की पिन घालायची. त्याचा तो घुर्रघुर्र आवाज जुन्या लोकांच्या कानात अजून असतो.

आपल्या देशातही असाच विचार चालू होता. १९१० साली बंगालमध्ये इंदुमाधव मल्लिक यांनी इकमिक कुकर तयार केला. हायजिनिक म्हणजे आरोग्याला चांगलं आणि इकॉनॉमिक म्हणजे काटकसरीचं, या दोन शब्दांच्या शेपट्या जोडून हे नाव झालं. उभट डबा, खाली थोडा पेटता कोळसा, वर पाणी, आणि आत जेवणाच्या डब्यासारखे एकावर एक कप्पे. एका कप्प्यात भात, एकात वरण, एकात भाजी. वाफेवर सगळं सावकाश शिजतं. सकाळी लावून कामाला जावं आणि परत येऊन जेवावं. शिट्टीचा प्रेशर कुकर त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आला. हॉकिन्स आणि प्रेस्टीज हे दोन्ही आपल्याकडं १९५९ साली सुरू झाले.

या दोन्ही वस्तू कुणाला डोळ्यांपुढं ठेवून चालल्या ते बघा. प्रवासी, संशोधक, शहरात नोकरीला एकटा राहणारा पुरुष. ज्याला स्वयंपाक येत नाही, त्याचा स्वयंपाक सोपा व्हावा म्हणून. जी बाई वर्षानुवर्षं उघड्यावर दहा माणसांचं रांधत होती, तिला मात्र स्वयंपाक येतच होता. मग तिची अडचण कुणाला दिसणार?

दहा बाय सोळाची खोली आणि वीस माणसांचं जेवण

आता मुंबईला जाऊ. कापड गिरण्यांत कामाला कोकणातून, घाटावरून, आपल्या मराठवाड्यातूनही माणसं गेली. त्यांच्यासाठी चाळी बांधल्या. १९२० च्या दशकात सरकारनं बांधलेल्या बीडीडी चाळीत एक खोली साधारण १६० चौरस फुटांची. त्यातच झोपणं, त्यातच चूल. बायको-पोरं गावाकडं ठेवून आलेली माणसं एकेका खोलीत दाटीनं राहायची, पाळीपाळीनं झोपायची. त्यांना चूल मांडायला जागाही नव्हती आणि वेळही नव्हता.

त्यांचं पोट भरलं खानावळवाल्या बायकांनी. स्वतःच्या त्याच एका खोलीत, शेगडीवर आणि स्टोवर, ही बाई घरच्यांसोबत दहा-वीस गिरणी कामगारांचं दोन वेळचं रांधायची. कामगार महिन्याच्या पगाराला पैसे देणार, आणि वाण्याचं उधार रोजचं. मग व्याजानं पैसे काढायचे, अंगावरचा दागिना गहाण ठेवायचा. कष्ट तिचे, आणि त्या कष्टांचं सावकाराला व्याज.

१९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी या बायकांची संघटना उभी केली, अन्नपूर्णा महिला मंडळ. प्रेमाताई गोवा मुक्तीच्या लढ्यात होत्या, मुंबईत कामगार चळवळीत होत्या, त्यामुळं खानावळवालीचं दुखणं त्यांना ठाऊक होतं. १९६९ साली मोठ्या बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं होतं आणि गरिबाला कर्ज द्यायचं बँकांचं धोरण कागदावर आलं होतं. पण बँकेत गेलं की तारण मागायचे. या बायकांकडं तारण काय असणार? मग त्यांनी गट केले. एकीनं दुसरीची हमी घ्यायची. त्या हमीवर बँकेनं कर्ज दिलं आणि त्या बायकांनी ते फेडून दाखवलं. आपले बचत गट गावोगावी निघण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले. पगार थांबला तसे खानावळीचे पैसेही थांबले. खानावळवालीची चूल ही गिरणीच्या पगारावर चालत होती, हे तेव्हा सगळ्यांना कळलं. पण संघटना असलेल्या बायका अगदी एकट्या पडल्या नाहीत.

दुसरी गोष्ट इथं कळते. जिच्याकडं एकरकमी पैसा नसतो ती रोज थोडाथोडा जास्तीचा पैसा घालवत राहते. हे चुलीबाबतही खरं आहे. चांगल्या शेगडीला एकदम हजार-दोन हजार लागतात, ते नसतात. सरपण मात्र 'फुकट' मिळतं, म्हणजे बाईच्या दोन तासांच्या पायपिटीवर मिळतं. तो वेळ कुणी मोजत नाही म्हणून ते फुकट.

रेशनचं घासलेट आणि भडका

सत्तरच्या दशकात जगात तेल महागलं. कमी घासलेटात जास्त जळणारा स्टो हवा म्हणून इंडियन ऑइलच्या संशोधन केंद्रानं 'नूतन' नावाचा वातीचा स्टो तयार केला. पंप नाही, स्फोटाची भीती कमी, उचलायला हलका. भाड्याच्या खोलीत, झोपडपट्टीत, शिकायला आलेल्या पोरांच्या खोलीवर तो बरीच वर्षं चालला.

पण घासलेट मिळायचं रेशन कार्डावर, आणि कार्ड असायचं गावच्या दुकानाशी बांधलेलं. सहा महिने कारखान्यावर असलेल्या कुटुंबाचा कोटा गावात, आणि चूल दोनशे-तीनशे किलोमीटरवर. जो गाव सोडून जातो, ज्याला घासलेटची खरी गरज असते, त्याच्याच हाती ते लागत नव्हतं. ही तिसरी गोष्ट, पत्ता. सरकारी कागद गृहीत धरतो की माणूस बारा महिने एका घरात राहतो.

या स्टोची एक काळी बाजू सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. 'स्टोचा भडका होऊन विवाहितेचा मृत्यू' ही बातमी त्या काळात नेहमीची झाली होती. काही खरे अपघात होते. पंपाच्या स्टोत दाब जास्त झाला, नायलॉनची साडी पेटली, असं होत होतं. पण सासू कधी जळत नाही, नवरा कधी जळत नाही, नवी सूनच कशी जळते, हा प्रश्न बायकांच्या संघटनांनी रस्त्यावर येऊन विचारला. त्यानंतर कायदा बदलला. सासरच्या छळाविरुद्धचं ४९८ अ कलम १९८३ साली आलं, आणि हुंडाबळीचं ३०४ ब कलम १९८६ साली. आता नवीन न्यायसंहितेत त्यांचे आकडे बदलले आहेत, पण ती तरतूद आहे. एका लहानशा स्टोच्या इतिहासात एवढं सगळं दडलेलं आहे.

विजेची शेगडी आणि खोलीवरची लेक

आता जपानला एक चक्कर मारू. १९५५ साली तिथं तोशिबा कंपनीनं आपोआप बंद होणारा विजेचा भाताचा कुकर बाजारात आणला. तो तयार केला योशितादा मिनामी नावाच्या छोट्या कारखानदारानं. पण भात नक्की किती वेळात, किती आचेवर शिजतो याची पारख त्याला नव्हती. ती केली त्याच्या बायकोनं, फुमिको मिनामी यांनी. दिवसेंदिवस वेगवेगळ्या तऱ्हेनं भात शिजवायचा, वेळ टिपायची, पुन्हा शिजवायचा. बाहेरच्या भांड्यातलं पाणी आटलं की उष्णता एकदम वाढते आणि बटण आपोआप पडतं, अशी ती युक्ती होती. यंत्राला अक्कल आली ती एका बाईच्या हातच्या अनुभवातून.

आज आपल्या किती लेकी शिकायला जालन्याला, छत्रपती संभाजीनगरला, पुण्याला खोली करून राहतात! मेसचं जेवण परवडत नाही, किंवा परवडलं तरी सोसत नाही. मग खोलीवर एक विजेची शेगडी, नाहीतर किटली, नाहीतर लहान कुकर. किटलीत अंडी उकडायची, खिचडी करायची. घरमालक म्हणतो, बिल जास्त येतं, शेगडी लावायची नाही. वसतिगृहात तर बंदीच असते. मेसचे पैसे दोन महिने थकले की घरून निरोप येतो, परत ये. मी ज्या गटांत जाते तिथं हे ऐकायला मिळतं. म्हणून ही शेगडी साधी वस्तू समजू नका. पोरीचं शिक्षण तिच्यावर टिकलेलं असतं.

घरमालकाशी भांडण्याऐवजी हिशेब मांडा. १००० वॅटची वस्तू एक तास चालली की एक युनिट वीज लागते. ७०० वॅटचा भाताचा कुकर अर्धा तास चालवला तर युनिटाच्या तिसऱ्या हिश्शाच्या जरा वर. २००० वॅटची इंडक्शन शेगडी पूर्ण जोरात अर्धा तास चालली तर एक युनिट. सबमीटर बसवून घेतला तर तंटाच उरत नाही.

आणि धोका कुठं आहे तेही बघा. उघड्या तारेची जुनी शेगडी घेऊ नका. तिच्या लाल तारेत वीज खेळत असते. पातेलं हललं, चमचा लागला की झटका बसतो. इंडक्शनमध्ये वरची काच स्वतः तापत नाही, खालच्या गुंडाळीच्या चुंबकानं भांड्याचं बूडच तापतं. म्हणून बूड चुंबकाला चिकटणारं हवं. लोखंडी तवा चालतो, फक्त तो सपाट हवा. जर्मलचं पातेलं चालत नाही, तांब्याचंही नाही. विकत घ्यायच्या आधी भांड्याला चुंबक लावून बघा. दुसरं, भिंतीवरचं लहान सॉकेट सहा अँपिअरचं असतं. त्यावर साधारण १३०० वॅटपर्यंतच भार टाकता येतो. २००० वॅटची शेगडी त्यात लावली तर वायर तापते आणि आग लागू शकते. तिला मोठ्या पिनांचं सोळा अँपिअरचं सॉकेट लागतं, आणि त्याची वायरही तेवढी जाड असावी लागते. एक्स्टेन्शन बोर्डावर ती कधीच लावू नका.

गॅस आला, पण घराच्या मापानं

गॅस शहरात आला १९५० आणि ६० च्या दशकात. गावात पोचायला पन्नास वर्षं लागली. १ मे २०१६ ला उज्ज्वला योजना सुरू झाली आणि बाईच्या नावावर जोडणी मिळू लागली. ही मोठीच गोष्ट झाली. पण भरलेलं सिलिंडर म्हणजे १४.२ किलो गॅस आणि जवळजवळ तेवढंच लोखंड, एकूण तीस किलोच्या आसपास. ते ऊसतोडीच्या गाडीत कोण घालणार, आणि परक्या गावात भरून कोण देणार? शिवाय जोडणी घ्यायला पत्त्याचा पुरावा लागायचा.

त्यात दोन बदल झाले, ते आपल्या कामाचे आहेत. एक, पाच किलोचं लहान सिलिंडर. २०१३ पासून ते ठराविक पेट्रोल पंपांवर आणि एजन्सीत विकत मिळू लागलं. ओळखपत्र दाखवलं की पुरतं, पत्ता लागत नाही. इंडियन ऑइल त्याला 'छोटू' म्हणतं. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत लोखंडाच्या कारखान्यांत परप्रांतातून आलेले कामगार एका खोलीत चार-पाच जण राहतात. अशा बिऱ्हाडांना हे सिलिंडर सोयीचं आहे. दोन, ऑगस्ट २०२१ ला उज्ज्वलाचा दुसरा टप्पा सुरू झाला, तेव्हा स्थलांतरित कुटुंबाला रेशन कार्ड आणि पत्त्याच्या पुराव्याची अट काढली. स्वतःचं घोषणापत्र चालेल असं ठरलं. म्हणजे बिऱ्हाड पाठीवर असलेली बाई पहिल्यांदाच सरकारी कागदावर दिसली.

पण गाडी पुन्हा रुळावरून घसरते. २०२४ साली राज्य सरकारनं मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजना आणली. वर्षाला तीन सिलिंडर मोफत. चांगली योजना आहे. मात्र ती १४.२ किलोच्या सिलिंडरलाच लागू केली. म्हणजे घरात राहणारीला लाभ, आणि लहान सिलिंडर घेऊन फिरणारी बाहेर. यात कुणाचा वाईट हेतू होता असं मी म्हणत नाही. योजना लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढं ओटा असलेलं स्वयंपाकघर होतं, कोपी नव्हती, एवढंच.

पुन्हा कोपीकडं

१९५० साली प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना सुरू झाला. मग पश्चिम महाराष्ट्रात कारखान्यांची रांग लागली, पुढं आपल्याकडंही झाले. ऊस तोडायला माणसं गेली ती दुष्काळी मराठवाड्यातून. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर सुकडी वाटली जायची. सुकडी शिजवावी लागत नव्हती, तोंडात टाकली की झालं. २०१२-१३ च्या दुष्काळात आपला जिल्हा सगळ्यात जास्त होरपळला. जनावरांच्या छावण्या लागल्या. घरातलं एक माणूस गुरांसोबत छावणीतच राहायचं, तिथंच काहीतरी शिजवून खायचं. स्वयंपाकघर नसणं ही आपल्याकडं दुर्मिळ गोष्ट नाही. दर वर्षी कुणाच्या ना कुणाच्या वाट्याला ती येतेच.

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. उचल त्या कोयत्याची. पण पहाटे तीनला उठून भाकरी थापणं, ही कोयत्याच्या हिशेबात नाही. ओल्या पाचटाचा धूर खात दिवसभराच्या भाकरी करायच्या, मग फडात जायचं, रात्री येऊन पुन्हा चूल पेटवायची. ही मजुरी कुणीच देत नाही. म्हणून ती वाचवायला शेगडी घ्यावी, असंही कुणाला वाटत नाही.

तर मैत्रिणींनो, सव्वाशे वर्षांत शेगडी कधी कमी पडली नाही. कमी पडला पत्ता, एकरकमी पैसा आणि इंधन. या तीनही गोष्टी एकट्या बाईला जड जातात. गटाला तेवढ्या जड नाहीत. म्हणून पुढच्या दसऱ्याच्या आधी, साधारण श्रावणातल्या बैठकीत, एवढं करू या.

पहिलं, गटातल्या कोणकोणत्या बाया ऊसतोडीला, वीटभट्टीला, बांधकामावर जाणार आहेत त्यांची यादी करा. ज्यांच्याकडं गॅस नाही त्यांचा उज्ज्वलाचा अर्ज स्थलांतरित म्हणून, घोषणापत्र जोडून भरा. एजन्सीवाल्यानं पत्त्याचा पुरावा मागितला तर ही सवलत आहे हे ठणकावून सांगा. 'एक देश एक रेशन कार्ड' ही सोय २०१९ पासून सुरू झाली. आपलं धान्य दुसऱ्या गावच्या दुकानातही अंगठा लावून मिळतं, तेही सांगा.

दुसरं, लहान सिलिंडर आणि एक बर्नरची शेगडी यासाठी गटातून अंतर्गत कर्ज द्या, आणि उचल आली की त्यातून फेडायचं ठरवा. खानावळवाल्या बायकांनी एकमेकींची हमी घेतली, तशी आपणही घेऊ.

तिसरं, इंधन. गॅस फक्त पहाटेच्या भाकरीला आणि चहाला वापरला तरी पहाटेचा धूर टळतो. आणि एक युक्ती, जिला शेगडीही लागत नाही. १८६७ साली पॅरिसच्या प्रदर्शनात नॉर्वेची एक पेटी दाखवली होती. आत जाड लोकर, मधे पातेलं. पुढं युरोपात महायुद्धांच्या काळात, इंधनाची टंचाई असताना, घरोघर अशी पेटी गवत भरून केली गेली. आपण टोपलीत वाळलेलं पाचट आणि जुनी गोधडी घालून करू शकतो. भाताला दणदणीत उकळी येऊ द्या, चार-पाच मिनिटं उकळू द्या, झाकण घट्ट लावून पातेलं टोपलीत ठेवा, वरून गोधडीनं गच्च झाका. तास-दीड तासात भात होतो. डाळ आधी भिजवलेली असेल आणि जरा जास्त वेळ उकळली तर तीही होते. फडातून आल्यावर उकळी आणायची, टोपलीत ठेवायचं आणि पाण्याला जायचं. जाळ थांबला तरी शिजणं चालू राहतं.

सावधगिरीची एक गोष्ट विसरू नका. कोपी पाचटाची असते. गॅसची शेगडी कोपीच्या आत लावू नका. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचून राहतो. सिलिंडर उभंच ठेवा, शेगडी त्याच्यापेक्षा उंचावर ठेवा, नळी दर वर्षी बघा. वास आला तर काडी ओढू नका.

आणि शेवटचं. ग्रामसभेत एक ठराव मांडा, की मोफत सिलिंडरची योजना पाच किलोच्या सिलिंडरलाही लागू करावी. ठरावाची एक प्रत तहसीलला आणि एक ऊसतोड कामगारांसाठीच्या गोपीनाथ मुंडे महामंडळाला पाठवा. एका गावानं पाठवला तर फायलीत राहील. आपल्या आठही तालुक्यांतून गेले तर वाचावे लागतील. ठराव कसा लिहायचा ते कळत नसेल तर आपल्या गटाच्या सहयोगिनीला किंवा समन्वयकाला विचारा, आम्ही बसून लिहून देऊ.